जाळ्यातला ज

दातिवऱ्यात इंग्रजीचा तास पहिला असला की दोन-तीन जागा उशिराच भरतात. पहाटे बोट लागली असेल तर मुलं मासळी निवडून शाळेत येतात. हाताला जवळ्याचा वास, डोळ्यांवर झोप. अशाच सातवीच्या वर्गात एकदा 'जे' आणि 'झेड'चे उच्चार घेतले. सगळ्यांच्या तोंडी दोन्ही सारखेच.

मी म्हणाले, "जीभ म्हणा. आता जाळं म्हणा. दुसऱ्या 'ज'ला जीभ कुठे लागते?"

"दातांमागे, बाई!"

"आता ती टेकवू नका, नुसती वारा सोडत ठेवा." वर्गभर गुणगुण उठली आणि तिच्यातून 'झू' नीट बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनात सुरीसाठी 'नाइफ' लिहायला सांगितला. 'के' जवळजवळ कुणीच लिहिला नाही. "बोलायचा नाही, तर लिहायचा कशाला?" प्रश्न रास्त होता. पूर्वी इंग्रज तो 'के' उच्चारत. उच्चार गेला, अक्षर राहिलं. आपणही 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो. एवढं सांगितलं, तरी पुढच्या आठवड्यात 'के' पुन्हा गळालाच.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी सातवीतला मुलगा रजेच्या अर्जात 'फीवर केम टू मी' लिहितो. पूर्वी मी अशा वाक्यावर लाल रेघ मारून पुढे जायचे. आता थांबते. मराठीत ताप येतो, भूक लागते, थंडी वाजते. इंग्रजीत माणसाला ताप 'असतो'. मुलाने मराठीचं व्याकरण चोख पाळलेलं असतं. ते त्याला दाखवलं की तो खजील होत नाही, दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहू लागतो.

काल एका मुलीने वडिलांवर पाच वाक्यं लिहिली. त्यातलं एक: 'माय फादर गोज टू सी'. 'द' गाळणं ही आमच्या वर्गाची रोजची चूक, म्हणून पेन खाली आलं आणि तिथेच थांबलं. किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यासाठी 'टू द सी' बरोबर. समुद्रावर कामाला जाणाऱ्यासाठी इंग्रजी 'द' लावतच नाही.

तिला हा नियम ठाऊक नव्हता. मी वाक्य फळ्यावर लिहिलं, दोन्ही अर्थ सांगितले आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाला हे वाक्य आपल्या घराबद्दल लिहिता येईल?"

मागच्या बाकापर्यंत हात वर गेले.