पवनचक्की घ्या, पण आधी वारा मोजा

घरगुती पवनचक्कीच्या माहितीपत्रकावर ‘१ किलोवॉट’ असे ठळक छापलेले असते. आकडा खरा, पण तो सेकंदाला १० ते १२ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठीचा. छत्री धरणे मुश्कील करणारा असा वारा तुमच्या घरापाशी वर्षातून किती तास वाहतो, हे पत्रक सांगत नाही.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ३ मीटर असेल, तर १० मीटरच्या वाऱ्यात त्यातून सुमारे ४,२०० वॉट शक्ती वाहते. ती सगळी काढून घेता येत नाही, कारण वारा पुरता अडवला तर मागून येणाऱ्याला वाटच उरत नाही. ही कमाल मर्यादा ५९.३ टक्के, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. छोट्या चक्कीला २५-३० टक्के मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे हाती हजार-बाराशे वॉट. वेग ५ मीटरवर उतरला की उरतात जेमतेम दीडशे, दोन पंख्यांपुरते.

म्हणूनच जागा आणि उंची महत्त्वाची. गच्चीच्या कठड्यावर आपटलेल्या वाऱ्याचे भोवरे होतात, चक्की सारखी तोंड फिरवत राहते आणि तिची थरथर स्लॅबमध्ये उतरते. दीडशे मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच झाडा-इमारतीच्याही १० मीटर वर पाती असावीत, असा साधा नियम आहे. दाट वस्तीत हे जमत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या उघड्या पठारावर जमते. तिथे पावसाळ्यात सौर पॅनेल ढगांखाली सुस्तावतात, तेव्हाच नैऋत्येचा वारा जोरात असतो. दोन्हींची जोडी एकाच बॅटरीवर छान चालते.

फरक एकच. बॅटरी भरल्यावर पॅनेलची जोडणी खुशाल तोडता येते. चक्कीवरचा भार काढला तर ती बेफाम फिरते. त्यामुळे जादा वीज तापक तारेत जाळावी लागते आणि वादळात शेपूट दुमडून चक्की वाऱ्याच्या तोंडातून बाजूला वळेल, अशी सोय लागते.

तेव्हा खरेदीआधी ठरलेल्या उंचीवर वेगमापक लावून वर्षभर नोंदी घ्याव्यात. सरासरी ४ मीटरच्या खाली भरली, तर तेच पैसे पॅनेलांत घालणे शहाणपणाचे.