जपानचा रेल्वे पास : सुट्टी मोजू नका, गाडीचे दिवस मोजा

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे काम सुरू झाल्यापासून ठाणे, विरार, बोईसर ही नावे मुलांच्या तोंडी नव्या अर्थाने येऊ लागली आहेत. ही गाडी ज्या जपानी तंत्रावर उभी राहते आहे, ती शिन्कान्सेन तिच्या देशात जाऊन पाहावी, असे आता अनेक घरांतल्या मुलांना वाटते. आमच्याही घरात दिवाळीच्या सुट्टीला जोडून जपानचा सफर करावा, असे ठरते आहे. आम्ही दोघे शिक्षक, मुलांची दादी, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. विमान आणि मुक्काम यांचा अंदाज बांधून झाला, पण एका प्रश्नावर घरात दोन तट पडले : जपान रेल्वे पास घ्यायचा की नाही?

पास घेण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते ऐकायला फार गोड आहे. एकदा पैसे भरा, मग तिकिटाच्या रांगेची चिंता नाही, हवे तेव्हा गाडीत बसा. “अठरा दिवस राहायचे म्हटल्यावर पास तर लागणारच!” असे जवळचे नातेवाईकही सांगतात. पण एवढी रक्कम अनेक वर्षांच्या बचतीतून जाणार असेल, तर वही-पेन घेऊन बसलेले बरे. आम्ही तेच केले. तो हिशेब वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी पास म्हणजे काय ते पाहू. हा पास जपानमध्ये पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी असतो आणि तो ७, १४ किंवा २१ दिवसांचा मिळतो. हे दिवस सलग मोजले जातात. मध्ये चार दिवस एकाच शहरात बसून राहिलात तरी पासचे दिवस संपत जातात. साध्या डब्याचा ७ दिवसांचा पास पूर्वी २९,६५० येनला मिळत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० येन झाला. १४ दिवसांचा ८०,००० आणि २१ दिवसांचा १,००,००० येन झाला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मा दर लागतो, बारा वर्षांपुढे पूर्ण.

ही दरवाढ समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पास घ्या असे सांगणारे बरेच जण जुन्या दराच्या आठवणीवर बोलतात. टोकियो ते हिरोशिमा जाऊन-येऊन साधारण ३९ हजार येन लागतात. जुन्या दरात तेवढ्या एका फेरीतच सात दिवसांचा पास वसूल होऊन वर फायदा होत असे. आज तीच फेरी पासपेक्षा स्वस्त पडते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आकडा जुना असतो.

आता आमच्या बेताचा हिशेब. टोकियोत सहा रात्री, क्योतोला पाच, हिरोशिमाला दोन, ओसाकाला चार. एवढ्या मुक्कामात लांब पल्ल्याची गाडी किती वेळा लागते? फक्त तीन वेळा. टोकियो ते क्योतो सुमारे १४ हजार येन, क्योतो ते हिरोशिमा सुमारे साडेअकरा हजार, हिरोशिमा ते ओसाका सुमारे साडेदहा हजार. एका मोठ्या माणसाचे झाले ३६ हजार. आमच्या घरात चार पूर्ण तिकिटे आणि एक अर्धे, म्हणजे साडेचार. एकूण १ लाख ६२ हजार येन.

तीनही गाड्या पासमध्ये बसवायच्या तर १४ दिवसांचा पास लागेल. त्याचे साडेचार माणसांचे होतात ३ लाख ६० हजार येन. फरक १ लाख ९८ हजार येनचा. शंभर येनला ५५ रुपये धरले, तरी तो एक लाख रुपयांच्या वर जातो.

हा हिशेब जमण्यासाठी एक गोष्ट करावी लागते : विमानाने टोकियोत उतरायचे आणि परतीचे विमान ओसाकाहून धरायचे. मग टोकियोला परत येण्याचा खर्चही वाचतो आणि एक दिवसही. दोन्ही वेळा टोकियोच हवे असेल, तर हिरोशिमाहून परतताना ओसाकाला मुक्काम करून पुढे टोकियो गाठता येते, पण तिकिटांचा खर्च वाढतो. तरीही तो १४ दिवसांच्या पासपर्यंत पोहोचत नाही.

मग पास कुणालाच परवडत नाही का? तसे नाही. ज्यांना सात दिवसांतच टोकियोहून निघून क्योतो, हिरोशिमा करत थेट दक्षिणेला फुकुओकापर्यंत जाऊन परत टोकियोला यायचे आहे, त्यांचा पास वसूल होऊ शकतो. पण त्यात रोज बॅग भरणे, रोज नवे हॉटेल. तरुण जोडप्याला ते जमेल. गुडघे दुखणारी दादी सोबत असेल तर तो बेत कागदावरच बरा दिसतो.

शिवाय दुसरे पासही असतात, त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. पश्चिम जपानची रेल्वे कंपनी कान्साई-हिरोशिमा भागापुरता पाच दिवसांचा पास देते, सुमारे १७ हजार येनला. क्योतोहून हिरोशिमा आणि तिथून ओसाका या दोन तिकिटांचेच २२ हजार होतात. म्हणजे हा छोटा पास त्या दोन प्रवासांतच वसूल होतो. पाच दिवसांच्या आत हिमेजीचा किल्ला आणि कोबे शहर बसवले, तर तो प्रवासही त्यातच. अट एवढीच, की क्योतो ते शिन-ओसाका हा टप्पा साध्या गाडीने करायचा आणि शिन-ओसाकाहून शिन्कान्सेन धरायची. टोकियो-क्योतोचे साधे तिकीट आणि त्यापुढे हा पास, असे धरले तर आमच्या कुटुंबाचा खर्च १ लाख ४० हजार येनच्या आसपास येतो. आमचे मत सध्या याच बाजूला झुकले आहे.

पैशांखेरीज आणखी काही गोष्टी वडीलधारी माणसे आणि मुले सोबत असताना पाहायला हव्यात.

पहिली, सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडी. मोठ्या जपान रेल्वे पासवर ती वेगळे पैसे भरल्याशिवाय मिळत नाही. टोकियो-क्योतो मार्गावर याच गाड्या सर्वांत जास्त धावतात. साधे तिकीट काढणाऱ्याला ही अडचण नाही.

दुसरी, शहरातला प्रवास. जपान रेल्वेचा पास टोकियोच्या मेट्रोत चालत नाही, क्योतोच्या शहर बसमध्येही नाही. टोकियोची प्रसिद्ध मस्जिद, टोकियो जामी, योयोगी-उएहारा स्टेशनजवळ आहे. ते स्टेशन मेट्रो आणि ओदाक्यू या खासगी रेल्वेचे आहे. जुम्याच्या नमाजला तिथे जायचे तर पास खिशात असूनही तिकीट काढावेच लागेल. १९३५ साली बांधलेली कोबेची मस्जिद, जपानमधली पहिली, तिथे मात्र जपान रेल्वेने जाता येते. शहरात रोजच्या फिरण्यासाठी सुईका किंवा इकोका यांसारखे पैसे भरून वापरायचे कार्ड सोयीचे. आपल्या मेट्रो कार्डासारखेच ते चालते.

तिसरी, सामान. टोकियो-ओसाका-हिरोशिमा मार्गावरच्या शिन्कान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल, तर त्यासाठीची ठरावीक जागा आधी आरक्षित करावी लागते. आरक्षणाला वेगळा आकार नाही, पण न करता बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. पाच माणसांच्या बॅगा घरीच टेपने मोजून घ्याव्यात.

चौथी, खाणे. स्टेशनवर मिळणारे जेवणाचे डबे दिसायला सुंदर असतात, पण मांस नसले तरी त्यात मिरिन म्हणजे स्वयंपाकात वापरली जाणारी तांदळाची गोड दारू असू शकते. लांब प्रवासाच्या दिवशी घरून नेलेला खाऊ, फळे, उकडलेली अंडी सोबत ठेवलेली बरी.

देश बदलला की उत्तर बदलते, हेही ध्यानात असू द्या. युरोपच्या युरेल पासमध्ये चार ते अकरा वर्षांची मुले मोठ्यांसोबत मोफत जातात, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. तिथे महिना-दोन महिन्यांत सोयीचे ठरावीक दिवस निवडून प्रवास करण्याचा पासही मिळतो, त्यामुळे मुक्कामाचे दिवस वाया जात नाहीत. लहान मुलांच्या कुटुंबाला तो परवडू शकतो. मात्र फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात, तेवढे हिशेबात धरावेत.

पासचा एक तोटा आकड्यांत दिसत नाही. महाग पास घेतला की तो वसूल करायची घाई सुरू होते. आज दादी थकली आहे, उद्या आराम करू, असे म्हणायला जीव धजत नाही. क्योतोच्या बागेत तिला तासभर निवांत बसायचे असेल, तर तिला पुढच्या गाडीसाठी उठवू नये, असे आम्हाला वाटते.

म्हणून बेत करताना क्रम असा ठेवावा. आधी मुक्कामाची शहरे आणि रात्री लिहा. मग लांब पल्ल्याचे प्रवास मोजा. प्रत्येकाचे आजचे तिकीट रेल्वे कंपनीच्या अधिकृत माहितीवरून लिहून काढा, मुलांची वये धरून बेरीज करा आणि शेवटी पासची किंमत शेजारी मांडा. भाडी आणि पासचे दर बदलत असतात, तेव्हा आमचे आकडे नमुना समजावेत. ही बेरीज घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला करायला द्या. आमच्याकडे ती मुलीनेच केली आणि दादीने चष्मा लावून तपासली.