टीबीच्या गोळीतलं सहा अणूंचं कडं

टीबीच्या गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ‘आयसोनियाझिड’ हे नाव असतं. नाव अवघड, रेणू मात्र अगदी लहान. आपल्या मुलांच्या दहावीच्या पुस्तकात बेंझीनचं कडं आहे ना, सहा कार्बन अणूंचं? त्यातल्या एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला की पिरिडीन होतं. कड्यात असा परका अणू आला की त्याला विषमचक्रीय संयुग म्हणतात. आज वापरात असलेल्या कितीतरी औषधांत अशी कडी सापडतात.

पिरिडीनला छोटीशी शेपटी जोडली की आयसोनियाझिड. प्रागमध्ये हान्स मेयर आणि योसेफ मॅली यांनी ते १९१२ सालीच बनवलं होतं. ते टीबीवर चालतं हे कळायला १९५१-५२ साल उजाडलं. चाळीस वर्षं औषध हाताशी होतं आणि माणसं खोकून खोकून मरत होती!

या गोळीचं काम मोठं अजब आहे. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. टीबीचा जंतू आपल्याच एका एन्झाइमने तिला जागं करतो, आणि मग ती त्याच्या मेणचट भिंतीचं बांधकाम बंद पाडते. पण काही जंतूंत हे एन्झाइमच बिघडलेलं असतं. त्यांच्यावर गोळीचा जोर चालत नाही. म्हणून सोबत दुसरी औषधं देतात आणि नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. गोळ्या मध्येच सोडल्या की असे चिवट जंतू मागे उरतात, वाढतात, घरातल्या इतरांनाही लागतात.

आपल्या घरांत नेमकं इथंच बिनसतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं, अम्मी म्हणते, “आता बस झालं.” मुलीचं लग्न जमायचं असेल तर गोळ्या लपवल्या जातात, मग हळूच बंद होतात. रमजानमध्येही काहीजण सोडतात. खरं तर आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आणि गोळ्या सहसा दिवसातून एकदाच असतात. रोजे झेपत असतील तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरवता येते.

हातापायांना मुंग्या आल्या तरी स्वतःहून औषध थांबवू नका. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं, त्याची वेगळी गोळी मिळते. गंमत म्हणजे बी-६च्या रेणूतही तेच पिरिडीनचं कडं आहे. डोळे पिवळे दिसले किंवा सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.