माहिती चौकट : दुभाजकात कण्हेर, कडेला करंज

कल्याण–कसारा लोहमार्गावरील भातसा नदीकाठच्या खडवलीला मुंबई–आग्रा महामार्गाशी जोडणारा फाटा पडघ्याजवळ लागतो. वडपे ते गोंदे हा टप्पा चौपदरी झाल्यापासून येथे दुभाजक, म्हणजे दोन दिशांच्या वाहतुकीमधली पट्टी, हा लागवडीचा स्वतंत्र प्रश्न ठरला. दुभाजकात मोठी झाडे चालत नाहीत, कारण वाहन घसरून आदळल्यास जाड खोड जीवघेणे ठरते. म्हणून तेथे कण्हेर, बोगनवेल अशी झुडपे योग्य मानली जातात, जी समोरच्या वाहनाच्या दिव्यांची तिरीप अडवतात आणि छाटणी सोसतात. कण्हेर विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावत नाहीत, हा तिचा अवगुण येथे गुणच म्हणावा.

कडेच्या रांगेचे गणित वेगळे आहे. ठाणे जिल्ह्यात पाऊस धो-धो पडतो, पण बहुतेक चारच महिने. त्यामुळे पाणथळ काठ आणि कोरडा उन्हाळा दोन्ही सोसणारा, शिवाय मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत आणणारा करंज मादागास्करहून आलेल्या, ठिसूळ फांद्यांच्या गुलमोहरापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.

केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाच्या 1 टक्का रक्कम लागवड व देखभालीसाठी राखण्याची तरतूद केली, आणि त्यातील ‘देखभाल’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जुलैत लावलेल्या रोपाची खरी कसोटी पुढच्या मार्च ते मे या महिन्यांत, टँकरच्या पाण्यावर लागते.