फ्यूज असतानाही गाडीची वायर का जळते?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की शिरवळ मागे पडतं आणि थोड्याच वेळात खंबाटकीचा चढ लागतो. पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी तिथे जादा फॉग लॅम्प हवेसे वाटणं साहजिक आहे. बसवणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, ‘फ्यूज टाकलाय, काळजी नको.’

हे अर्धंच खरं आहे.

12 व्होल्टच्या कारमध्ये 55 वॅटचे दोन दिवे मिळून साधारण 9 अँपिअर करंट ओढतात. वायर सोलून बॉडीला टेकली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि 15 अँपिअरचा फ्यूज तात्काळ उडतो. जोड सैल असेल तेव्हा मात्र करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. फ्यूजला काही कळतच नाही! त्या जोडात जेमतेम 0.2 ओहमचा अडथळा असला, तरी 16 वॅटच्या आसपास उष्णता एकाच ठिकाणी साठते. लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, यावरून अंदाज करा. आधी सॉकेटचं प्लास्टिक मऊ होतं, मग वायरचं आवरण वितळतं.

जोड सैल होतात ते मुख्यतः हादऱ्यांनी. म्हणून रिले वायरच्या जुडग्याला टायने लटकवू नये. त्याच्या कानाला भोक असतं ते बोल्टसाठी. स्प्रिंग वॉशर घालून तो बॉडीवर आवळावा, पिना खाली ठेवाव्यात म्हणजे पाणी साचत नाही. जागा सायलेन्सरच्या पाइपपासून लांब हवी, कारण घाटात वेग कमी आणि बॉनेटखाली वारा त्याहून कमी. नवं भोक पाडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि पत्र्यामागे डिझेलची किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे बघावं. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच.

अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. रंगावरच थिंबल आवळलं, तर तोही सैल जोडच. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर बोल्ट बसवावा.

फ्यूज बॅटरीला जितका जवळ तितका बरा. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं.

नवं काम झाल्यावर इंजिन सुरू ठेवून अर्धा तास दिवे लावा. मग इंजिन बंद करून रिलेचं सॉकेट आणि फ्यूजचं होल्डर हाताने चाचपा. कोमट लागलं तर चालेल. चटका बसला, तर गाडी घाटात नेण्याआधी परत गॅरेजला न्या.