जुन्या येझदीचे ऑइल सील

कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार गाठणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना येझदीने बरीच वर्षे साथ दिली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी काही बंधूंच्या दारात ती अजून उभी आहे.

पांढरा धूर वाढला आणि गिअर ऑइल आपोआप घटू लागले, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले समजावे. डायनामोच्या बाजूचे गेले तर धूर दिसत नाही, म्हणूनच ते घातक. तिथून इंजिन नुसती हवा ओढते, पेट्रोलसोबत येणारे तेल कमी पडते, पिस्टन तापून जाम होतो. आमचा असाच जाम झाला. बोअरचा खर्च आला, बाजार बुडाला तो वेगळाच.

सील घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी जुळवावी. फळीवर पडून कडक झालेले रबर स्वस्तातही घेऊ नये. जुने काढण्यापूर्वी त्याचे तोंड कुठे आहे ते पाहून ठेवावे. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळावे, नाहीतर सीलची कड कापली जाते. कडेला तेल लावून, सीलएवढ्याच रुंदीचा पाइप टेकवून हलके ठोकावे. मिस्त्री घाई करतो, आपण शेजारी उभे राहावे.