मान्सूनचा अंदाज : सहसंबंधाकडून संभाव्यतेकडे

भारतातील वार्षिक पर्जन्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खरिपाच्या पेरण्या, धरणांतील जलसाठा आणि अन्नधान्याचे नियोजन यांची भिस्त या पावसावर असल्याने त्याचा अंदाज आधीच मिळावा, ही गरज जुनी आहे. संख्याशास्त्राने ती कितपत भागविली, हे पाहताना या शास्त्राचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

सहसंबंधांचा शोध

हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये हिमालयातील हिमाच्छादनाच्या आधारे मान्सूनचा पहिला नियमित अंदाज वर्तविला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात वेधशाळांचे महासंचालक असलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातील वायुदाब, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदींमधील सहसंबंध तपासले. 'दक्षिणी आंदोलन' ही संकल्पना त्यातूनच पुढे आली. मात्र असे संबंध अढळ नसतात. एल निनोच्या वर्षी मान्सून दुर्बल होण्याचा कल असला, तरी १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असूनही पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०२ टक्के झाला.

२००२ चा धडा

वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. २००२ मध्ये या प्रतिमानाने १०१ टक्के पाऊस वर्तविला. प्रत्यक्षात तो ८१ टक्केच पडला आणि देशाला दुष्काळास तोंड द्यावे लागले. सोळांपैकी अनेक घटकांचा मान्सूनशी असलेला संबंध क्षीण झाल्याचे नंतर आढळले. काही दशकांच्याच नोंदींवर बरेच घटक बसविले, की समीकरण भूतकाळाशी उत्तम जुळते. परंतु निव्वळ योगायोगही त्यात नियम म्हणून शिरतात.

म्हणून २००७ मध्ये मोजके घटक घेऊन अनेक समीकरणे मांडण्याची आणि त्यांतील सरस समीकरणांच्या निष्कर्षांची सरासरी काढण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तरीही २००९ मध्ये जूनमधील अंदाज ९३ टक्के असताना पाऊस ७८ टक्के झाला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मोहिमेने वातावरण व महासागर यांची एकत्रित गणना करणाऱ्या गतिकीय प्रतिमानांना चालना दिली. २०२१ पासून भारतीय हवामानशास्त्र विभाग अशा अनेक प्रतिमानांचे निष्कर्ष एकत्र करून हंगामी अंदाज देतो.

आकड्याचा अर्थ

आता अंदाजात एका आकड्यासोबत प्रत्येक वर्गाची संभाव्यताही दिली जाते. पाऊस १०४ टक्क्यांहून अधिक होण्याची शक्यता पूर्वानुभवानुसार ३३ टक्के असते. एप्रिल २०२४ मध्ये ती ६१ टक्के सांगितली गेली आणि पाऊस १०८ टक्के झाला. एवढ्यावरून पद्धत सिद्ध झाली, असे मात्र होत नाही. ६१ टक्के म्हणजे उरलेले ३९ टक्केही शक्यच होते. ज्या वर्षी सुमारे ६० टक्के शक्यता सांगितली जाते, अशा दहा वर्षांपैकी साधारण सहा वर्षी ती खरी ठरते काय, हीच अशा अंदाजाची कसोटी होय. पीकविमा, चारा आणि पाणी यांची तरतूद उरलेल्या चार वर्षांसाठीही करावी लागते. नियोजनाच्या दृष्टीने अनिश्चिततेचे हे प्रामाणिक मोजमाप एकाच आकड्याच्या आश्वासनापेक्षा अधिक मोलाचे आहे.